साखर आधी की पारख आधी?

अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रह' या सतराव्या शतकातल्या छोट्या पाठ्यग्रंथात वाक्याचा अर्थ कसा लागतो याची चर्चा आहे. संस्कृत घेऊन पदवी केलेल्या वाचकांना ती आठवत असेल. वाक्यातून अर्थबोध व्हायचा तर तीन गोष्टी लागतात : आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. पदांना एकमेकांची गरज हवी, ती एकमेकांशी जुळणारी हवीत आणि ती लागोपाठ उच्चारलेली हवीत. योग्यता नसल्याचे ठरलेले उदाहरण म्हणजे 'विस्तवाने शिंपतो'. विभक्ती बरोबर, क्रियापद बरोबर, व्याकरणाला बोट ठेवायला जागा नाही. तरी वाक्य फसते, कारण शिंपायला पातळ पदार्थ लागतो आणि विस्तव त्या जातीचा नाही.

संगणकाला दिलेल्या सूचनांतही अशी व्याकरणशुद्ध पण अयोग्य वाक्ये सतत लिहिली जातात. 'पुणे' या शब्दात एक मिळवा, असे कोणी लिहिले तर रचना ठीक असते, पण बेरजेला संख्या लागते आणि 'पुणे' ही संख्या नव्हे. प्रोग्रॅम चालू होण्याआधीच अशी वाक्ये पकडणारा कंपायलरचा भाग म्हणजे टाइपचेकर. 'टाइप' म्हणजे जात : ही संख्या, हे अक्षर, ही संख्यांची यादी, हे संख्या घेऊन अक्षर देणारे फंक्शन. नैयायिकांनी संगणकशास्त्र आधीच सांगून ठेवले होते, असा दावा मला करायचा नाही. योग्यता हा शब्द आपल्या वाचकांच्या ओळखीचा आहे आणि पुढची कथा समजायला तो पुरेसा आहे, एवढेच.

या लेखात मी एका लहान दिसणाऱ्या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. भाषेत लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी एखादी नवी वाक्यरचना आणली, तर तिची योग्यता कोणत्या रूपात तपासायची? लिहिणाऱ्याने लिहिली त्या रूपात, की कंपायलरने तिचे साध्या भाषेत रूपांतर केल्यावर? हास्केल या भाषेच्या मंडळींनी तीस वर्षांत या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे दिली. लिहिणाऱ्याची चूक त्याला कोणाच्या शब्दांत सांगितली जाणार, हे त्या उत्तरांवर ठरत गेले.

१

सुरुवात एडिंबरोपासून करावी लागते. १९७०च्या दशकात रॉबिन मिल्नर आणि त्यांचे सहकारी तिथे एलसीएफ नावाची प्रणाली बांधत होते. गणिती सिद्धता संगणकाच्या मदतीने रचणे हे तिचे काम. सिद्धता रचण्याच्या युक्त्या लिहायला एक वेगळी भाषा लागली. तिचे नाव एमएल, म्हणजे मेटालँग्वेज. इथे टाइपांना फार मोठी जबाबदारी मिळाली. 'प्रमेय' हाच एक टाइप ठरवला गेला आणि त्या टाइपची वस्तू फक्त अनुमानाच्या मान्य नियमांनीच तयार होईल, अशी व्यवस्था झाली. मग युक्ती लिहिणाऱ्याने कितीही वेडेवाकडे लिहिले तरी खोटे प्रमेय हाती येणार नाही. टाइपचेकर ढिला असता तर सिद्धतेला काही किंमतच राहिली नसती.

पण दर ओळीला 'ही संख्या', 'ही यादी' असे लिहीत बसणे कंटाळवाणे. मिल्नर यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात यावर उपाय होता : टाइप लिहूच नका, संदर्भावरून यंत्र ते ओळखेल. हेच सूत्र तर्कशास्त्राच्या वाटेने रॉजर हिंडली यांना १९६९मध्ये सापडले होते. पुढे १९८२मध्ये लुईस दमास आणि मिल्नर यांनी त्याची पक्की सिद्धता मांडली. पद्धत अशी : प्रत्येक अज्ञात टाइपला एक तात्पुरते नाव द्यायचे, वाक्यरचनेवरून समीकरणे मांडायची आणि ती सोडवायची. शाळेत 'क्ष'ची किंमत काढतात तसेच.

या सुखसोयीला एक किंमत होती. समीकरणांचा संच जुळत नाही हे कळते, पण गुन्हेगार कोणते समीकरण हे कळत नाही. तिसऱ्या ओळीतली चूक विसाव्या ओळीवर उघडकीस येऊ शकते. मिचेल वँड यांनी १९८६मध्ये एक शोधनिबंध लिहिला, त्याचा विषयच टाइपच्या चुकीचे मूळ शोधणे हा होता. म्हणजे टाइप ओळखणाऱ्या भाषा जेमतेम वयात आल्या होत्या, तेव्हाच चुकीचा संदेश हा संशोधनाचा विषय झाला होता.

२

आता साखरेकडे. पीटर लँडिन या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात एक शब्दप्रयोग रूढ केला, त्याचा मराठी अर्थ 'वाक्यरचनेची साखर'. भाषेचा गाभा अगदी लहान ठेवायचा. लँडिन यांच्या डोळ्यांसमोर अलोंझो चर्च यांचे लॅम्डा कॅल्क्युलस होते. त्यात फंक्शन तयार करणे आणि फंक्शन लावणे यापलीकडे जवळपास काही नाही. बाकी सगळ्या सोयी म्हणजे त्या गाभ्यावर पेरलेली साखर. 'जर–तर' लिहिले की कंपायलर त्याचे गाभ्यातल्या रचनेत रूपांतर करणार. नवी सोय आणली तरी गाभा तसाच राहतो, आणि भाषेचा अर्थ गाभ्यापुरता सांगितला की पुरतो.

एमएलच्या पुढच्या पिढीत, स्टँडर्ड एमएलच्या १९९०च्या अधिकृत व्याख्येत, हे तत्त्व शिस्तीने पाळलेले दिसते. 'जर–तर' तिथे स्वतंत्र रचना नाही. 'तपासा : खरे असेल तर हे, खोटे असेल तर ते' अशा शाखांच्या रचनेचे ते संक्षिप्त रूप आहे. अर्थ सांगायला हे फार सोयीचे. पण आता एक शक्यता पाहा. कंपायलरने आधी साखर काढली आणि मग योग्यता तपासली, तर 'जर'पुढे चुकून संख्या लिहिणाऱ्या माणसाला 'शाखांची रचना जुळत नाही' असे ऐकावे लागेल. त्याने शाखांची रचना लिहिलेलीच नाही. त्याने लिहिला होता 'जर'.

३

सप्टेंबर १९८७मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड इथे फंक्शनल भाषांची परिषद भरली होती. आळशी, म्हणजे गरज पडेल तेव्हाच किंमत काढणाऱ्या, फंक्शनल भाषांची तेव्हा गर्दी झाली होती. जो तो आपापल्या भाषेत लिहीत होता. त्या परिषदेत एक समिती नेमून सर्वांसाठी एक भाषा करायचे ठरले. तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी यांचे नाव तिला मिळाले आणि १ एप्रिल १९९० या तारखेचा पहिला अहवाल निघाला. ग्लासगो विद्यापीठात तिचा कंपायलर बांधायला घेतला गेला. तो खुद्द हास्केलमध्येच लिहिलेला आहे आणि आज जीएचसी या नावाने ओळखला जातो. सायमन पेटन जोन्स यांचे नाव त्याच्याशी सुरुवातीपासून जोडलेले आहे.

या कंपायलरच्या कामाचा क्रम समजून घेतला पाहिजे. आधी मजकूर वाचून वाक्यरचनेचे झाड केले जाते. मग कोणते नाव कशाला उद्देशून आहे ते लावले जाते. मग टाइपचेकर येतो. त्यानंतर साखर काढली जाते आणि 'कोअर' नावाची अगदी लहान भाषा उरते. वरच्या भाषेत वाक्यप्रकार डझनावारी, कोअरमध्ये जेमतेम दहा. आधी साखर काढली असती तर टाइपचेकरला दहाच रचना शिकाव्या लागल्या असत्या. जीएचसीच्या कर्त्यांनी जाणूनबुजून उलटा क्रम निवडला : पारख आधी, साखर काढणे नंतर. त्यांनी दिलेले कारण सरळ आहे. चुकीचा संदेश लिहिणाऱ्याने जे लिहिले त्याबद्दलच असला पाहिजे.

दुसरे कारण तांत्रिक होते. फिलिप वॉडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी १९८९मध्ये टाइप क्लासची कल्पना मांडली. 'बेरीज' हे एकच चिन्ह पूर्णांकांना, दशांशांना आणि उद्या कोणी नवी संख्या बनवली तर तिलाही चालावे, अशी ती युक्ती. कोणत्या जागी कोणती बेरीज हे टाइप कळल्याशिवाय ठरत नाही. त्यामुळे हास्केलचा टाइपचेकर नुसता परीक्षक नाही. तो लिहिणाऱ्याने न लिहिलेले भागही भरतो, श्लोकाचा अन्वय लावताना आपण अध्याहृत पदे भरतो तसे. म्हणून साखर काढणाऱ्याला टाइपचेकरचा निकाल आधी हातात लागतो.

या क्रमाचा भार कोणावर पडला? भाषेत नवी रचना आणू पाहणाऱ्यावर. २०१२मध्ये जीएचसीत आलेली एक लहान सोय घ्या. मराठीत तिला 'अनाम फंक्शनातली थेट निवड' म्हणू. पूर्वी लिहावे लागे : 'एक वस्तू घ्या, तिला क म्हणा, आता क पाहा, रिकामी यादी असेल तर हे, नसेल तर ते.' इथे 'क' हे नाव केवळ लगेच विसरण्यासाठी ठेवलेले. नव्या रचनेत ते गाळता येते. साखरेच्या दृष्टीने काम पाच मिनिटांचे : कंपायलरने स्वतःच एक नाव तयार करून जुनी रचना लिहावी. पण तसे करून मग पारख केली, तर संदेशात ते बनावट नाव डोकावणार आणि लिहिणारा आपल्या कागदावर ते शोधत बसणार. म्हणून झाडात या रचनेसाठी नवी गाठ हवी, नावे लावणाऱ्याला ती शिकवायला हवी, टाइपचेकरला तिचा स्वतंत्र नियम हवा आणि शेवटी साखर काढणाऱ्यालाही ती माहीत हवी.

टाइपचेकरचा नियमही दोन तोंडांचा. कधी त्याला विचारले जाते, 'याचा टाइप काय?' कधी विचारले जाते, 'याचा टाइप अमुक असायला हवा, आहे का?' दुसऱ्या प्रश्नात वरून मिळालेली माहिती असते. ती फंक्शनच्या आगमाकडे आणि निर्गमाकडे वाटून द्यावी लागते, म्हणजे आत प्रत्येक शाखा तपासताना काय अपेक्षित आहे ते माहीत असते. नव्या रचनेचा नियम लिहिणाऱ्याला ही वाटणी दोन्ही प्रश्नांसाठी बरोबर करावी लागते. शिवाय चूक निघाल्यास 'या रचनेत, या शाखेत' असा पत्ता छापण्याची सोयही लिहून ठेवावी लागते. सोय एका ओळीची असली तरी तिच्यासाठी कंपायलरच्या चार खोल्यांत फिरावे लागते.

४

हास्केलमधली सर्वांत प्रसिद्ध साखर म्हणजे 'डू'. शुद्ध फंक्शनांच्या भाषेत 'आधी ओळ वाचा, मग छापा' हा क्रम सांगायचा कसा, हा सुरुवातीच्या वर्षांतला अवघड प्रश्न होता. युजेनिओ मोज्जी यांनी १९८९च्या सुमारास गणितातली मोनाड ही कल्पना संगणनाचा अर्थ सांगण्यासाठी वापरली, वॉडलर यांनी ती प्रोग्रॅमिंगच्या हाती दिली आणि १९९६च्या हास्केल १.३मध्ये ती 'डू'सह अधिकृत झाली. मराठीत लिहायचे तर रचना अशी दिसेल :

करा :
नाव ← ओळ वाचा
छापा नाव

आणि साखर काढल्यावर : 'ओळ वाचा' या क्रियेला 'नाव मिळाल्यावर छापा नाव' हे फंक्शन जोडा. ही जोडणी करणारे एक चिन्ह भाषेत आहे. ते टाइप क्लासमधून येते, म्हणून वाचणे-छापणे, याद्या, अपयशी ठरू शकणारी गणिते, या सगळ्यांना एकच रचना चालते.

हेच व्यापक रूप याद्यांच्या संक्षिप्त रचनेलाही द्यावे, असे १९९७च्या हास्केल १.४मध्ये ठरले. 'यादीतल्या प्रत्येक क साठी कचा वर्ग' अशी गणिताच्या पुस्तकासारखी ही रचना. ती आता फक्त याद्यांची राहिली नाही, कोणत्याही मोनाडची झाली. कल्पना देखणी होती, पण हास्केल ९८ने ती मागे घेतली. कारण शिकाऊ विद्यार्थी. यादीचे साधे वाक्य चुकले की कंपायलर त्यांना यादीबद्दल काही न सांगता न शिकवलेल्या मोनाडबद्दल बोलू लागे. एखादी रचना सिद्धांतात निर्दोष असताना केवळ तिचे चूक-संदेश कळत नाहीत म्हणून भाषेतून काढली जाते, हे मला या इतिहासातले सर्वांत माणुसकीचे पान वाटते. ती रचना २०११मध्ये जीएचसीत परतली, पण मागितली तरच मिळणारी सोय म्हणून.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाने याच दिशेने आणखी एक पाऊल टाकले. २००३च्या सुमारास तिथे हेलियम नावाचा कंपायलर केवळ विद्यार्थ्यांसाठी बांधला गेला. संदेश समजावेत म्हणून त्यातून सुरुवातीला टाइप क्लासच वगळले होते, म्हणजे हास्केलचा मानबिंदूच.

यामागची अडचण मी वर्गात पाहिली आहे. मी काही वर्षे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकवले. लेखाच्या सुरुवातीचे 'पुणे अधिक एक' हे वाक्य त्या वर्गातलेच. त्यावर त्या वेळचा कंपायलर म्हणे, अक्षरांच्या यादीला संख्या मानण्याची सोय सापडली नाही. संदेश काटेकोरपणे खरा आहे. हास्केलमध्ये मजकूर म्हणजे अक्षरांची यादी, आणि कोणी तशी सोय लिहून दिली असती तर शब्दात एक मिळवताही आला असता. एका मुलीने विचारले, "सर, मी यादी कुठे लिहिलीये?" तिच्यासाठी तो संदेश आधीच परक्या भाषेत होता. त्यात तिने न लिहिलेल्या वस्तूचे नाव आल्यावर तिने आपल्याच ओळीवर अविश्वास दाखवायला सुरुवात केली. हुशार मुले अशा ठिकाणी विषय सोडतात, हे मी पाहिले आहे.

५

असे असताना जीएचसीने पुढे आपला क्रम का बदलला? कारण 'लिहिले तसे तपासा' या तत्त्वाची दुसरी बाजू हळूहळू वर आली.

'डू'चा अर्थ काय, हे अहवाल रूपांतराने सांगतो : डू म्हणजे जोडणी. पण टाइपचेकरमध्ये डूचा नियम वेगळा लिहिलेला, आणि साखर काढणाऱ्यात रूपांतर वेगळे लिहिलेले. एकाच गोष्टीची दोन वर्णने. दोन्ही जुळत राहतील तोवर प्रश्न नाही. मग एक विस्तार असा आला की लिहिणाऱ्याने जोडणीचे चिन्ह स्वतःच पुरवावे आणि डूने तेच वापरावे. आता जोडणीचा टाइप कसाही असू शकतो, आणि डूच्या जुन्या नियमाला तो ओळखीचा असेलच असे नाही.

मग २०२०मध्ये सेरानो, हाख, पेटन जोन्स आणि विटिनिओटिस यांनी एक नवी युक्ती मांडली. फंक्शन लावताना त्याच्या सगळ्या आगमांकडे एक झटपट नजर टाकायची आणि एरवी ओळखता न येणारे, खोलवर व्यापक असलेले टाइपही ओळखायचे. ही युक्ती राहते फंक्शन लावण्याच्या नियमात. डूचा नियम तिथे जातच नव्हता. परिणाम असा की एखादी जोडणी हाताने लिहिली तर कंपायलर ती स्वीकारी, आणि तीच डूमध्ये लिहिली तर नाकारी. जी रचना केवळ साखर म्हणून सांगितली होती, ती काढल्यावर पदार्थ वेगळाच निघत होता. हे लँडिनच्या मूळ वचनालाच बाधक होते.

यावर काढलेला तोडगा असा : पारखेच्या आधी साखर काढा, पण मूळ रूप फेकू नका. झाडात अशी एक गाठ आणली गेली की तिच्यात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी असतात, लिहिणाऱ्याने लिहिलेले वाक्य आणि त्याचे विस्तारित रूप. टाइपचेकर तपासतो विस्तारित रूप. संदेश छापायची वेळ आली की तो मूळ वाक्याकडे बोट दाखवतो. कंपायलरने स्वतः घातलेल्या भागांवर 'हे आमचे' अशी खूण असते, म्हणजे तो भाग तपासताना चूक निघाली तर पत्ता जवळच्या खऱ्या ओळीचा दिला जातो. ही पद्धत आधी काही मोजक्या रचनांना लागू झाली आणि याच दशकात डूपर्यंत आली. नवी साखर आणणाऱ्याचे कामही हलके झाले. टाइपचेकरचा वेगळा नियम लिहिण्याऐवजी विस्तार लिहायचा आणि मूळ रूप जपायचे.

आपल्याकडच्या सटीप आवृत्त्यांची मांडणी अशीच असते : वर मूळ ओवी, खाली अन्वय. अर्थ अन्वयावर लावतात, पण चर्चेत दाखला द्यायचा तर ओवीचाच क्रमांक देतात. फक्त अन्वय छापला तर पुस्तक टिकत नाही आणि फक्त ओवी छापली तर नवख्याला वाट सापडत नाही.

या व्यवस्थेत एक धोका उरतोच. पूर्वी चांगला संदेश ही रचनेचीच सक्ती होती. मूळ वाक्य सोडून टाइपचेकरसमोर दुसरे काही नव्हतेच. आता ती शिस्त आहे. खुणा घालायला कोणी विसरले तर बनावट नावे पुन्हा संदेशांत डोकावतील आणि योग्यतेचा निकाल अचूक असल्यामुळे कोणत्याही गणिती सिद्धतेत ती चूक दिसणार नाही. ती दिसेल फक्त वाचणाऱ्याला. म्हणून जीएचसीच्या चाचण्यांमध्ये कोणते प्रोग्रॅम स्वीकारले जातात एवढेच तपासत नाहीत. नाकारलेल्या प्रोग्रॅमसाठी छापलेला संदेशही अक्षरशः जपून ठेवलेला असतो आणि त्यात एका शब्दाचा फरक पडला तरी चाचणी नापास होते. टाइपांच्या इतिहासात मिल्नर, हिंडली, वॉडलर ही नावे येतात आणि यायलाच हवीत. त्या चाचण्यांच्या फायलींत शब्द राखत बसलेल्यांची नावे सहसा येत नाहीत. वर्गातल्या मुलीला तिची ओळ तिच्याच शब्दांत परत मिळणार की नाही, हे मात्र त्यांच्यावर अवलंबून असते.